पितळेची पिन

नांदेड, ६ ऑक्टोबर १९८२

चि. महादेवप्पा यास शिवमूर्तीचे आशीर्वाद.

आज दुपारच्या लातूर गाडीच्या टपावर एक लाकडी पेटी चढवून दिली आहे. पेटीत नावेच्या मागच्या फळीला अडकवण्याची विलायती मोटर आहे. तू असले यंत्र पाहिलेले नसणार, म्हणून सांगतो. वर दोन सिलिंडरचे पेट्रोल-इंजिन, त्याखाली कमरेएवढा उभा दांडा आणि तळाशी पाण्यात फिरणारा तीन पात्यांचा पंखा. गोदावरीची खोली मोजण्याच्या कामासाठी आमच्या खात्याने ती १९४९ साली घेतली. १९५१ च्या उन्हाळ्यात ती बिघडली आणि तेव्हापासून गोदामात पडून होती. मी निवृत्त होण्याच्या आधल्या महिन्यात ती भंगारात निघाली. तेव्हा मी ती विकत घेतली.

ती दुरुस्त करून मला सावरघाटच्या पंचायतीला द्यायची आहे. हे गाव विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला, नदीच्या पलीकडे आहे. शाळा, दवाखाना, बाजार, सर्व अलीकडे. आजवर नाव बांबूने ढकलत नेत. विष्णुपुरीला होत असलेला बांध पुरा झाल्यावर तेथे वर्षभर पाणी उभे राहील आणि बांबू तळाला पोचणार नाही. मृगापूर्वी मोटर तयार हवी.

सूचना: हातोडी वापरू नये. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवून डबीवर नाव लिहावे. तुमच्या दुकानात ‘चालतंय’ हा शब्द फार ऐकू येतो. या कामापुरता तो बंद ठेवावा. नांदेडात दोन कारागिरांना मोटर दाखवली. एकाने पान्याऐवजी छिन्नी उचलली, दुसऱ्याने ‘चालतंय’ म्हटले. म्हणून ती तुझ्याकडे आली आहे. याला स्तुती समजण्याचे कारण नाही.

शिवमूर्ती

---

लातूर, १९ ऑक्टोबर १९८२

ती. दाजींना महादेवप्पाचे शरणु शरणार्थी.

पेटी पोचली. टपावरनं उतरवताना हमाल म्हणला, आत मढं हाय का काय. स्टँडावर मोटर उघडून दाखवावी लागली. तिथनं दुकानापस्तोर मागं पन्नास माणसं. पेठेतले लोक म्हणतात, “महादेवप्पा, जिल्ह्यासंगं दर्या बी मंजूर झाला का?” लातूर जिल्हा झाल्यापासून रोज नव्या पाट्या लागून राहिल्या दाजी. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाणी तेवढं आलं न्हाई. पावसानं दगा दिला. विहिरी तळाला गेल्या, मंग विहिरीवरली इंजिनं कोण चालवतं आन बिघडवतं? दुकानात मी आन माशा. म्हणून फुरसत लई हाय. तुमच्या मोटरीला बरोबर टायमाला धाडलंत.

वरचं इंजिन खोललं. पिस्टन धरलेले हायत. रॉकेल टाकून ठेवलं, आठ दिस हात लावणार न्हाई. हातोडी खुंटीला टांगली. डब्या बावीस झाल्या. आमची कारभारीण पार्वतम्मा म्हणती, दाजींच्या मोटरीनं माझ्या मसाल्याच्या डब्या खाल्ल्या.

एक विचारतो. मोटर चालवणार कोण? चालवणाऱ्याचा हात कसा हाय त्यावर मी काही गोष्टी घट्ट-सैल ठेवत असतो. जोरकस हाताचा असला तर मोटर चालू करायच्या दोरीची चाकी जाड करतो.

महादेवप्पा

---

नांदेड, २७ ऑक्टोबर १९८२

चि. महादेवप्पा यास आशीर्वाद.

चालक कोण, हे ठरलेले नाही. कोण नसावा, हे ठरले आहे.

सावरघाटची नाव आज ग्यानोबा नावाचा भोई चालवतो. त्याचे वय साठीच्या पुढे आहे. नाव त्याच्या हातून गेली तर त्याच्याजवळ दुसरे काम नाही, ही गोष्ट खरी. परंतु यंत्र हे दयेने चालत नाही. पंचायतीने माझे मत विचारले आहे आणि सरपंच हणमंतराव यांचा ट्रॅक्टर चालवणारा पुतण्या त्या जागेसाठी तयार आहे. मी ग्यानोबाच्या विरुद्ध मत देणार आहे.

कारण तुला कळावे. १९५१ साली मी कनिष्ठ अभियंता होतो आणि हाच ग्यानोबा या मोटरीचा पगारी चालक होता. १४ मे रोजी अधीक्षक अभियंता पाहणीस आले. नदी उन्हाळ्याची, उथळ. म्हशीचा खडक म्हणून नदीत एक खडक आहे. तो त्याला लहानपणापासून ठाऊक. तरी त्याने पंखा त्यावर घातला. मोटरीच्या पोटातील चाकाचे दात मोडले, नाव वाहत वाळूला लागली आणि वरिष्ठांना गुडघाभर पाण्यातून काठावर यावे लागले. चौकशी झाली. अहवाल मी लिहिला. ग्यानोबाला कामावरून काढले. सरकारी इंजिन मोडणारा म्हणून पंचक्रोशीत तो आजही ओळखला जातो आणि त्याच्या हाती पुन्हा कोणी यंत्र दिलेले नाही.

दोरीची चाकी मूळ मापाचीच ठेव.

शिवमूर्ती

---

लातूर, १२ जानेवारी १९८३

ती. दाजींना शरणु शरणार्थी.

पत्राला उशीर झाला. पिस्टन सुटले. मॅग्नेटोची गुंडाळी जळाली व्हती, ती नव्यानं भरली. ठिणगी अशी निळी पडून राहिली की पार्वतम्मानं हात जोडले.

आता खालचं पोट खोललं. तुम्ही म्हणलात ते खरं, दोन दात मुळासकट गेलेले. नवीन चाक सोलापूरला कापायला टाकलंय. पण एक गोष्ट सांगतो. पंखा आन दांडा एकमेकाला धरून ठेवायला मधून एक आडवी पिन असती. बारीक, बोटाच्या दोन पेरांएवढी. ही पिन पितळेची असायला पाहिजे. तसं भोकात जुन्या पितळेचं पिवळं घासलेलं दिसतं. पंखा दगडाला लागला की पितळ मोडतं आन दात वाचतात. आमच्या डाळ मिलच्या साखळीला बी तशीच पिन असती, तूर-बिर अडकली की पिन जाती, मिल वाचती.

हिच्यात पिन पोलादाची निघाली. अशी कडक की कानस घसरती. म्हणून दगडाला लागल्यावर पिन न्हाई मोडली, दात मोडले. हा कारभार त्या भोयाचाच असणार. रोज पिन बदलायचा कंटाळा आला, कुठला तरी खिळा ठोकून दिला. तुमचा अहवाल बरोबर व्हता दाजी. शंभर टक्के.

महादेवप्पा

---

नांदेड, १८ जानेवारी १९८३

चि. महादेवप्पा यास आशीर्वाद.

जुन्या भागांविषयी तर्क करण्याचे काम तुझ्याकडे दिलेले नाही. नवीन चाकाचे दात कापल्यावर ते तावून कडक केले आहेत किंवा नाही, ते कळवावे. जुनी पिन टाकून द्यावी.

शिवमूर्ती

---

लातूर, २ मार्च १९८३

ती. दाजींना शरणु शरणार्थी.

मोटर चालू झाली. अगोदर तेवढं सांगतो.

ही मोटर पाण्यातच चालवावी लागती, न्हाई तर तापून मरती. आन लातुरात पाणी कुठलं? टँकर तीन दिसाला येतो. मी ड्रम मागितला तर पार्वतम्मा म्हणली, “प्यायला न्हाई आन तुम्ही लोखंडाला आंघोळ घालून राहिले? मला त्यात बुडवा अगुदर.” मंग स्टँडावरच्या हॉटेलवाल्या संगप्पाला धरलं. कपबशा धुतलेलं पाणी त्यानं आठ दिस साठवून दिलं. त्या ड्रममधे मोटर उभी केली. चौथ्या ओढीला पेटली. साऱ्या पेठेत चहाचा वास. नदीची मोटर, लातुरात, उष्ट्या चहात चालली. लोकं टाळ्या वाजवून राहिले.

आता दुसरं. रागावू नका.

पिन टाकून द्या म्हणलात. मी टाकली न्हाई. टाकायला हातात घेतली आन बघत बसलो. हा खिळा न्हाई दाजी. मी चुकीचं लिवलं. ही लेथवर केलेली हाय. दोन्ही टोकांची धार सारखीच मारलेली, एका केसाचा फरक न्हाई, वरनं आरशावानी घासलेली. कुणाला दिसणार न्हाई अशा जागी बसणाऱ्या पिनीला कोण एवढं घासतंय? नदीच्या काठावरचा भोई तर न्हाईच. त्याला लेथ कोण देतंय?

असली घासणी मी एकाच जागी पाहिली. उमाअक्काची शिलाई मशीन आमच्याकडं हाय, तुम्हीच धाडली व्हती अक्का गेल्यावर. तिच्या पायडलीची पिन तुम्ही केलेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. अक्का सांगायची, कामावर सळई उरली व्हती तिची केली म्हणून. ती पिन मी काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. जाडी तीच, धार तीच, पोलाद तेच.

मशीनची पिन परत बसवली. दुसरी तुमच्याकडं रजिस्टरनं धाडतो. मी कुणाला बोललो न्हाई, पार्वतम्माला बी न्हाई.

महादेवप्पा

---

(पोस्टकार्ड)

लातूर, २० मे १९८३

ती. दाजींना शरणु शरणार्थी.

अडीच महिने झाले, तुमचं पत्र न्हाई. तब्येत बरी असंल. मोटर तयार हाय, फक्त पंख्याची पिन घालायची राहिली. पितळ का पोलाद? एका शब्दात कळवा. उघडं कार्ड हाय म्हणून जास्त लिवत न्हाई.

महादेवप्पा

---

नांदेड, ९ जून १९८३

चि. महादेवप्पा यास आशीर्वाद.

पितळ.

तू एक शब्द मागितलास, तो दिला. पुढील मजकूर तू मागितलेला नाही. परंतु अर्धवट उत्तर मी आयुष्यात एकदाच दिले आणि ते सरकारी दप्तरात आहे. दुसरे देण्याची इच्छा नाही.

१९५१ च्या उन्हाळ्यात खडक उघडे पडू लागले आणि पंख्याची पिन दिवसाला चार-पाच वेळा मोडू लागली. प्रत्येक वेळी वीस मिनिटे जात. मी नोंद ठेवीत होतो. खोलीचा नकाशा पंधरा मेच्या आत द्यायचा होता. मी असे ठरवले की बनवणाऱ्याने पिनेसाठी कमकुवत धातू निवडला. तुझ्या डाळ मिलमधील हमालाला जे कळते ते मला कळत नव्हते, असे नाही. पदवी परीक्षेत मी पहिला होतो. मला कळत होते. पण माझ्या कामात एखादी वस्तू दिवसाला पाच वेळा मोडते, हे मला सहन होत नव्हते. म्हणून खात्याच्या लेथवर पोलादाची पिन केली. ती उत्तम होती. तेच तिच्यात वाईट होते.

पिन बसवताना ग्यानोबा म्हणाला, “साहेब, ही मोडना झाली तर बरं न्हाई.” मी त्याला सांगितले की त्याचा पगार सुकाणूचा दांडा धरण्यासाठी आहे. अकरा दिवस सर्व सुरळीत चालले. बाराव्या दिवशी अधीक्षक अभियंत्यांना घाई होती आणि खडकाला वळसा न घालता सरळ जाण्याचा हुकूम मी दिला. पितळेची पिन असती तर वीस मिनिटे गेली असती.

अहवालात सात परिच्छेद होते. सहा बिनचूक आहेत. चौथ्यात चालकाचा निष्काळजीपणा आहे आणि पिनेचा व हुकुमाचा उल्लेख नाही. ग्यानोबाने चौकशीत दोन्ही सांगितले होते. त्याच्या सांगण्याला पुरावा नव्हता. पुरावा मोटरीच्या पोटात होता आणि मोटर उघडण्याची शिफारस मी केली नाही.

बत्तीस वर्षांनी ती भंगारातून का उचलली, हे मी अनेकदा स्वतःला विचारले. ती नीट चालावी, एवढेच उत्तर मी देत आलो. तू जुनी पिन न पाहता टाकून दिली असतीस तर ते उत्तर पुरले असते. हे काम दुसऱ्या कोणाला दिले असते तर त्याने टाकली असती.

काल मी सावरघाटला गेलो. चावडीवर पंचायत बसली होती. चौथा परिच्छेद वाचून दाखवला, मग त्याऐवजी जो असायला हवा होता तो वाचला, खाली सही केली आणि तू पाठवलेली पिन सतरंजीवर ठेवली. मग सरपंच हणमंतराव म्हणाले, “साहेब, बत्तीस वर्षं झाली. आता कशाला उकरता?” मी म्हटले, अहवालावर तारीख असते, मुदत नसते. त्यांचा पुतण्या म्हणाला की कागदाने मोटर चालवता येत नाही. म्हाताऱ्याने चालवून दाखवावी. ही मागणी मला मान्य करावी लागली, कारण ती रास्त होती. पाणी आले की ग्यानोबाने पंचायतीला बसवून नाव पलीकडे न्यायची. नेली तर काम त्याचे. काही मोडले तर पुतण्याचे.

ग्यानोबा उंबऱ्याजवळ बसला होता. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. पिन उचलून उजेडात धरली, परत ठेवली आणि विचारले, “मोटर कधी यायची?” सही केलेला कागद त्याच्या सुनेने घेतला.

पितळ मऊ घे. सहा पिना कर. घासण्यात वेळ घालवू नकोस.

शिवमूर्ती

---

सावरघाट, २१ ऑगस्ट १९८३

महादेवप्पा मिस्त्री, लातूर, यांना ग्यानोबा भोयाचा रामराम. लिवनार सून सिंधु. मामंजी बोलतील तसंच लिवते, सुधरवत न्हाई.

मिस्त्री, तुमची आमची भेट न्हाई, पन तुमचा हात मी वळखला. मोटर तिसऱ्या ओढीला लागली. बत्तीस वरसानं तिचा आवाज ऐकला. जरा चहाचा वास येतो म्हनून मानसं हसली, पन आवाज तोच.

सोमवारी परीक्षा झाली. पानी यंदा बक्कळ हाय. दोनी काठाला मानसं. नावंत सरपंच, दोन पंच, सरपंचाचा पुतन्या आन साहेब. साहेबाला कुनी बोलिवलं नव्हतं. त्येच आले आन मधल्या फळीवर बसले, तवा बसत व्हते तिथंच. पुतन्या म्हनला, “धरून बसा काका, म्हातारं आज बी दात पाडतंय.” सरपंच हसले. साहेब हसले न्हाईत.

मधी आलो. म्हशीचा खडक आता पान्याखाली हाय, हातभर खाली. दिसत न्हाई, मला मालूम हाय. मी बगल देऊन चाललो व्हतो. साहेब म्हनले, “ग्यानोबा, वरून घे.”

मी म्हनलं, “साहेब, तवा बी तुम्ही हेच म्हनला व्हता.”

“तेव्हा हुकूम होता. आज विनंती आहे. पंचायतीला पाहू दे.”

मिस्त्री, खरं सांगतो. माझं काम त्या खडकावर व्हतं. बगल दिली असती तर नाव पार झाली असती आन काम मिळालं असतं. पन मंग पुतन्या गावभर म्हनला असता, म्हातारं खडकाला भ्यालं. आन मला बी एकदा बघायचंच व्हतं. मी वरून घेतली.

खाड् दिशी वाजलं. इंजिन वरडाय लागलं, पंखा गप. नाव फिरली आन धारंला लागली. सरपंचानी कड धरली. पुतन्या म्हनला, “मोडली! बघा मोडली!” मी इंजिन बंद केलं. सरपंचाला म्हनलं, बांबू टाका आन नाव आडवी धरा, हात हायत ना. त्येनी धरली. मोटर वर उचलली. पिनीचे तीन तुकडे झालते, काकडीवानी. मधला तुकडा ढकलून काढला. पटक्यात नवी पिन खोचून ठेवली व्हती, ती घातली. मोटर खाली सोडली, दोरी वढली. पंखा फिरला. दात समदे शाबूत.

साहेबानी घड्याळ काढलं व्हतं. सवयच त्येंची. मी इचारलं, “किती?”

“सहा मिनिटं.”

“तवा वीस लिवत व्हता.”

साहेबानी घड्याळ खिशात ठिवलं. मंग सगळ्यासमोर म्हनले, “पिना माझ्या पेटीत कुलपात असायच्या. मी नोंद केल्याशिवाय देत नव्हतो. चौदा मिनिटं माझी होती.”

पलीकडं लागलो. सरपंच उतरले आन पुतन्याला म्हनले, “तू ट्रॅक्टर बघ.” काम माझं झालं. सूनबाई म्हनती तिनं तो कागद पत्र्याच्या पेटीत ठिवलाय. ऱ्हाऊ दे. मला वाचता येत न्हाई आन ज्येंना येतं त्येनी खडक बघितला.

उतरताना साहेब मोडक्या पिनीचे तुकडे रुमालात बांधून राहिले. मी म्हनलं, साहेब, ते माझे हायत. त्येनी दिले.

तुमच्या सहा पिनीतली एक गेली, पाच ऱ्हायल्या. रोज चार खेपा हायत, पानी उतरल्यावर खडक वर येतील. अजून दोन डझन धाडा. मऊच करा. घासू नका. वाकड्या-तिकड्या झाल्या तरी चालतंय.

ग्यानोबा